मदत हवी आहे: विद्यापीठाने खेळांची कॉन्फरन्स (कॉलेज संघांची लीग) बदलावी का? मत देण्याआधी काय काय तपासू?

नदीकाठ

अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या सरकारी विद्यापीठाच्या स्टुडंट फी समितीवर मी सदस्य आहे. अमेरिकन फुटबॉल एफबीएस या कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, पण एसईसी, बिग टेन, एसीसी, बिग १२ या चार बड्या कॉन्फरन्सपैकी कुठेही नाही. एकूण १६ खेळ. सध्याच्या कॉन्फरन्समधली बहुतेक कॉलेजं बसने सहा तासांच्या आत. आता दुसऱ्या कॉन्फरन्सचं बोलावणं आलंय आणि तिचा पसारा तीन टाइम झोनमध्ये आहे.

ॲथलेटिक विभागाने दोन पानी टिपण दिलंय. कॉन्फरन्सच्या टीव्ही पैशातला वार्षिक वाटा ठळक अक्षरांत, एक्झिट फी (कॉन्फरन्स सोडायचा दंड) तळटिपेत, आणि बाकीच्या खेळांच्या प्रवासावर एकच ओळ: "खर्च आटोक्यात राहील." मत दोन आठवड्यांत द्यायचंय. काय मागू, कुठे बघू? जाणकारांनी सांगावं.

हिशेबनीस

तळटिपेपासून सुरुवात करा. एक्झिट फीचा आकडा टिपणात वाचू नका, सध्याच्या कॉन्फरन्सचे बायलॉज (नियमावली) मागवा. त्यात तीन गोष्टी बघायच्या: फी किती, नोटीस किती आधी द्यायची, आणि नोटीस दिल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंतचा तुमचा वाटा मिळतो की रोखून धरतात. तिसरी गोष्ट हमखास विसरली जाते. मेरीलँड २०१४ मध्ये एसीसीतून बिग टेनमध्ये गेलं, तेव्हा एसीसीने रोखून ठेवलेले ३१.४ मिलियन डॉलर हीच शेवटी एक्झिट फी ठरली. चेक लिहावाच लागला नाही, पैसे आधीच त्यांच्या खिशात होते.

नोटिशीची तारीख तर अक्षरशः दिवसावर येते. टेक्सस स्टेटने २०२५ मध्ये पॅक-१२ कॉन्फरन्सचं बोलावणं ३० जूनला स्वीकारलं. १ जुलै उजाडला असता तर त्यांच्या जुन्या कॉन्फरन्सची, सन बेल्टची, फी ५ मिलियनची १० झाली असती. तुमच्या "दोन आठवड्यांत मत द्या" मागे अशीच तारीख असेल. ती विचारून घ्या, म्हणजे घाई खरी की नुसता दबाव ते कळेल.

आता टीव्हीचा वाटा. नव्या सदस्याला पहिल्या दिवसापासून पूर्ण वाटा मिळतोच असं नाही. एसीसीत येताना स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कली) यांनी पहिली सात वर्षं ३० टक्क्यांवर काढायचं मान्य केलं, एसएमयूने (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने) तर नऊ वर्षं टीव्हीचे पैसे सोडले. एसएमयूला ते जमलं कारण मागे देणगीदार उभे होते. फी समितीच्या जिवावर असले खेळ करू नयेत.

आकडेमोड अशी करा (आकडे निव्वळ समजण्यापुरते). आजचा वाटा २ मिलियन, नवा ६. पहिली तीन वर्षं अर्धा वाटा, म्हणजे ३. प्रवासाचा जादा खर्च दीड. पहिली तीन वर्षं दरसाल अर्धा मिलियन तोटा, एकूण दीड. वर एक्झिट फी ८ आणि रोखलेला वाटा २. खड्डा झाला साडेअकरा मिलियनचा. चौथ्या वर्षापासून निव्वळ फायदा अडीच. खड्डा भरायला आणखी साडेचार-पाच वर्षं, म्हणजे आठवं साल उजाडतं. तोवर नव्या कॉन्फरन्सचा टीव्ही करार जिवंत असेल का, एवढंच त्या टिपणाखाली पेनने लिहा.

नदीकाठ

धन्यवाद, हे फारच उपयोगी. एडींचं (ॲथलेटिक डायरेक्टरचं) म्हणणं असं की एक्झिट फी नवी कॉन्फरन्सच भरेल.

वकिलीबाणा

"भरेल" की "आगाऊ देईल"? बहुतेक वेळा तो तुमच्याच पुढच्या वाट्यातून कापला जाणारा ॲडव्हान्स असतो. व्याज, मुदत, आणि मध्येच ती कॉन्फरन्स फुटली तर बाकी कोणाच्या माथी, हे लेखी घ्या. फुटली तर म्हणजे काय, ते पॅक-१२ ने दाखवलंय. २०२३ च्या उन्हाळ्यात कोलोराडो गेलं, ४ ऑगस्टला एका दिवसात पाच सदस्य गेले, आणि त्याआधीचे-नंतरचे जाणारे धरून सप्टेंबर उजाडेपर्यंत बारातले दोन उरले, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. एफबीएस कॉन्फरन्सला किमान आठ सदस्य लागतात. म्हणून बोलावणाऱ्या कॉन्फरन्सचे आज नक्की किती सदस्य बांधलेले आहेत ते मोजा.

दुसरं, ग्रँट ऑफ राइट्स. एक्झिट फी म्हणजे घर सोडायचा दंड. ग्रँट ऑफ राइट्स म्हणजे तुमच्या घरच्या सामन्यांचे टीव्ही हक्क ठरावीक सालापर्यंत कॉन्फरन्सला लिहून दिलेले. तुम्ही गेलात तरी हक्क मागेच राहतात, मग नव्या ठिकाणी विकायला तुमच्याकडे उरतं काय? फ्लोरिडा स्टेट आणि एसीसी याच कागदावरून २०२३ च्या डिसेंबरात कोर्टात गेले. तो करार २०३६ पर्यंतचा होता. मार्च २०२५ च्या तडजोडीत ठरलं की २०२६ मध्ये निघायचं तर १६५ मिलियन, पुढे दरवर्षी १८ मिलियनने उतरत २०३०-३१ ला ७५ मिलियन, आणि तेवढे भरले की हक्क सोबत न्यायचे. जुना आणि नवा, दोन्हीकडचा हा कागद मागा. नव्याची मुदत आणि टीव्ही कराराची मुदत एकाच वेळी संपते का ते बघा. हक्क जास्त काळ अडकलेले आणि करार आधी संपणारा, ही सगळ्यात वाईट जोडी.

पूर्ववारा

प्रवासाची ती एक ओळ मात्र मला झोंबली. "१६ खेळ" वाचलंत ना? एफबीएसची किमान अटच १६ आहे. प्रवास परवडेना म्हणून एखादा खेळ बंद करायची वाट तुमच्याकडे नाही.

सगळ्या खेळांना एका मापात मोजू नका. क्रॉस कंट्री, ट्रॅक, गोल्फ, पोहणं यांचा कॉन्फरन्सशी संबंध बहुतांशी अंतिम स्पर्धेपुरता. वर्षभराचे मीट ते जवळपास लावू शकतात. मार बसतो तो साखळी सामने असलेल्यांना: व्हॉलीबॉल, सॉकर, बास्केटबॉल, सॉफ्टबॉल, बेसबॉल.

मुलींच्या व्हॉलीबॉलची एक फेरी कागदावर उतरवा. खेळाडू, कोच, ट्रेनर मिळून बावीस जणी. चार्टरला (खास भाड्याच्या विमानाला) पैसे नाहीत, साध्या विमानाने एक थांबा घेत पश्चिमेला. गुरुवारी संध्याकाळी ७ चा सामना, पूर्वेकडच्या घड्याळात रात्रीचे १०. पाच सेट ताणले तर घरच्या वेळेने मध्यरात्र उलटते. शनिवारी दुसरा सामना, रविवारी परत, सोमवारी ८ ची लॅब. बुधवारी निघाल्या, म्हणजे बुधवार, गुरुवार, शुक्रवार तास बुडाले. अशा किती फेऱ्या? वेळापत्रकाचा मसुदा मागा. दोन शेजारची कॉलेजं एकाच दौऱ्यात उरकण्याची पद्धत असेल तर फेऱ्या निम्म्या होतात. नसेल तर प्रत्येक सामन्याला वेगळं विमान.

पुरुष संघाला चार्टर आणि मुलींना दोन थांब्यांची तिकिटं, असं वाटप टायटल नाइनच्या (शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या कायद्याच्या) तपासणीत सरळ दिसतं. प्रवास आणि दैनिक भत्ता हे तिथले तपासायचे मुद्दे आहेत.

अर्धा_चहा

फुटबॉल नव्या घरी आणि बाकी खेळ जुन्याच घरी, असं नाही का करता येत?

वकिलीबाणा

येतं, पण दोन्ही घरमालक तयार हवेत. हवाईने २०१२ पासून फुटबॉल माउंटन वेस्टमध्ये आणि बाकीचे बहुतेक खेळ बिग वेस्टमध्ये ठेवले, त्यासाठी पाहुण्या संघांच्या प्रवासाला पदरचे पैसे मोजले. युमासने (मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने) फुटबॉल मॅक (मिड-अमेरिकन) कॉन्फरन्समध्ये, बाकी अटलांटिक १० मध्ये ठेवून पाहिलं. मॅकने सांगितलं, सगळं आणा नाहीतर निघा. फुटबॉल निघालं, बरीच वर्षं स्वतंत्र खेळलं आणि २०२५ मध्ये बहुतेक बिऱ्हाड मॅकमध्येच आलं.

हिशेबनीस

उलट दिशेचं उदाहरण यूकॉन (कनेक्टिकट विद्यापीठ). २०२० मध्ये 'अमेरिकन' नावाची कॉन्फरन्स सोडून बिग ईस्टमध्ये परतले. फी १७ मिलियन, शिवाय बिग ईस्टची प्रवेश फी साडेतीन. फुटबॉलला घर उरलं नाही, ते स्वतंत्र खेळतं. पण बास्केटबॉलला टल्सा आणि ह्यूस्टनऐवजी प्रॉव्हिडन्स आणि सेंट जॉन्स मिळाले, म्हणजे बसचे प्रवास आणि भरलेली स्टँड. पुरुषांनी २०२३ आणि २०२४, महिलांनी २०२५ चं विजेतेपद घेतलं. विजेतेपदं कॉन्फरन्समुळे आली असं मी म्हणणार नाही, महिलांनी त्याआधीच ११ घेतली होती. पण टीव्हीचा मोठा आकडा सोडूनही गणित मांडता येतं, ते यावरून दिसतं.

आणि हो, बास्केटबॉलची युनिट्स. एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धेत खेळलेल्या सामन्यांचे पैसे सहा वर्षं हप्त्याने येतात आणि ज्या कॉन्फरन्समध्ये असताना कमावले तिलाच जातात. तुमचा संघ अलीकडे स्पर्धेत गेला असेल तर मागे राहणारे हप्ते खड्ड्यात मिळवा.

नदीकाठ

गेलाय, दोन वर्षांपूर्वी. टिपणात उल्लेख नाही.

पूर्ववारा

मग ती ओळ मागाच. अजून एक: नवी कॉन्फरन्स खेळाडूंना द्यायच्या रकमेची किमान अट घालते का? हाउस खटल्याच्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा दिली, त्याची २०२५-२६ ची कमाल मर्यादा २०.५ मिलियन होती. तुम्ही तिच्या जवळपासही जाणार नाही, पण अमेरिकन कॉन्फरन्सने आपल्या बहुतेक सदस्यांना तीन वर्षांत किमान १० मिलियनची अट घातली. तुमच्याकडे तशी अट आली तर ते पैसे कुठून येणार? तुमच्या समितीकडूनच, फीवाढीच्या ठरावातून. हा प्रश्न तोंडी विचारू नका, इतिवृत्तात नोंद होईल असा विचारा.

नदीकाठ

सगळ्यांचे आभार. उद्याच मेल करतो: दोन्हीकडचे बायलॉज, दोन्हीकडचे ग्रँट ऑफ राइट्स, ॲडव्हान्सचा मसुदा, साखळी खेळांचं वेळापत्रक, युनिट्सचे हप्ते, खेळाडूंच्या रकमेची अट. नोटिशीची तारीख आत्ताच एका सदस्याने कळवली, ३० जून.

हिशेबनीस

वाटलंच होतं. मेलमध्ये उत्तराला सात दिवसांची मुदत घाला. बायलॉज "गोपनीय" म्हणून अडवले तर वाचनासाठी समितीच्या खोलीत आणून ठेवायला सांगा. एक्झिटचं कलम शोधून वाचायला अर्धा तास पुरतो.