पडद्यावर एकच उभी रेघ, आवाज मात्र ठणठणीत

रेघोटी:
नमस्कार मंडळी. उभ्या पडद्याचं आर्केड कॅबिनेट आहे, १९ इंची रंगीत पिक्चर ट्यूब, ऐंशीच्या दशकातली चॅसी (ट्यूब चालवणारा मॉनिटरचा सर्किट-बोर्ड). खेळ सुरू होतो, आवाज येतो, नाणंही मोजलं जातं. पडद्यावर मात्र मधोमध वरपासून खालपर्यंत एकच झगझगीत रेघ, बाकी काळोख. त्याआधी काही दिवस चित्राची एक कड दुमडल्यासारखी दिसत होती. फ्यूज शाबूत, ट्यूबच्या मानेत फिलामेंट पेटलेला दिसतो. चित्राची रुंदी गेली म्हणजे हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर (झोत आडवा फिरवणाऱ्या भागातला) गेला असं धरतोय. त्यासोबत फ्लायबॅकही (उच्च व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर) बदलून टाकू का?

सोल्डरधूर:
दोन्ही मागवू नका. उभ्या खेळात ट्यूब ९० अंशांत फिरवून बसवलेली असते. तुम्हाला उभी दिसणारी रेघ ट्यूबच्या हिशेबाने आडवीच आहे. म्हणजे बिघाड व्हर्टिकल भागात, झोत ट्यूबच्या हिशेबाने वर-खाली नेणाऱ्या.

शिवाय ॲनोडचे वीस-बावीस हजार व्होल्ट फ्लायबॅक देतो आणि त्याला चालवतो तो हॉरिझॉन्टल ट्रान्झिस्टरच. तो गेला असता तर रेघसुद्धा दिसली नसती. हॉरिझॉन्टल चालू असताना नुसती रुंदी मिटायला योकची (ट्यूबच्या मानेवरच्या, झोत वळवणाऱ्या गुंडाळ्यांची) ती गुंडाळी किंवा तिचा जोड तुटावा लागतो. तसं क्वचितच होतं.

आधी एक काम करा: फ्लायबॅकवरचा 'स्क्रीन' नॉब मूळ जागेवर खूण करून मागे घ्या, रेघ जेमतेम दिसेल इतका. सगळा झोत एका रेघेवर पडत राहिला तर फॉस्फर (काचेच्या आतला चमकणारा थर) कायमचा जळतो.

मग वीज बंद करून पुढच्या क्रमाने पाहा:

१. योकचा प्लग काढून व्हर्टिकल जोडीचा रोध मोजा. काही ओम ते काही दशक ओम यायला हवा. अनंत दाखवला तर गुंडाळी किंवा तार तुटलीय. प्लग काढलेला असताना वीज अजिबात देऊ नका, झोत एका ठिपक्यावर येऊन ट्यूबला डाग पडतो.

२. योकच्या कनेक्टरच्या आणि व्हर्टिकल आयसीच्या पायांभोवती सोल्डरमध्ये बारीक गोल भेग आहे का ते भिंगाने पाहा. तापून-निवून ती पडतेच. नुसतं वितळवून भागत नाही, जुनं सोल्डर काढून नवं भरा.

३. प्लग परत लावून वीज द्या आणि व्हर्टिकल आयसीचा पुरवठा मोजा. बहुतेक चॅसीत तो २४ ते २७ व्होल्ट असतो आणि फ्लायबॅकच्याच एका गुंडाळीतून डायोड व फ्युजिबल रेझिस्टरमार्गे (जास्त प्रवाह आला की फ्यूजसारखा तुटणारा) येतो. मीटरची काळी तार चॅसीच्या ग्राउंडला लावा, कॅबिनेटच्या पत्र्याला नको.

एकहाती:
वीज देण्याआधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर जागेवर आहे ना, ते बघा. या काळातल्या पुष्कळ चॅसींचं ग्राउंड थेट मेन्सशी जोडलेलं असतं. तो मध्ये नसेल तर खेळाच्या बोर्डाचं ग्राउंड लागताच फ्यूज आणि ब्रिज डायोड जातात, माणसाचा धोका वेगळाच.

चॅसी बाहेर काढताना: वीज तोडा. चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याला क्लिपची तार लावून दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरून गेलेल्या उघड्या तारांच्या वेणीला जोडा, मग टोक ॲनोडच्या रबरी टोपीखाली सरकवा. दुसरा हात पाठीमागे. पाच मिनिटांनी पुन्हा तेच करा, कारण ट्यूबच्या काचेत उरलेला भार हळूहळू परत वर येतो. मुख्य फिल्टर कपॅसिटर वेगळा रिकामा करावा लागतो, एक-दोन किलोओम, १० वॅटचा रेझिस्टर लावून. त्यावर थेट स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढू नका.

रेघोटी:
ट्यूब फिरवलेली असते हे ध्यानातच आलं नाही. योक १४ ओम. सोल्डर नवं केलं, फरक नाही. आयसीच्या पुरवठ्याच्या पायावर शून्य, डायोडनंतर मात्र २६ व्होल्ट. मधला १ ओमचा फ्युजिबल रेझिस्टर उघडा (आतून तुटलेला) दाखवतोय. तोच बदलून बघू?

सोल्डरधूर:
नुसता तो बदलला तर बहुधा नवाही लगेच उडेल. रेझिस्टर आपणहून क्वचित जातो. वीज बंद करून आयसीच्या पुरवठ्याचा पाय ते ग्राउंड मोजा. दोन-चार ओम आले आणि आयसी काढल्यावर ते नाहीसे झाले, तर आयसी आतून शॉर्ट.

आयसी का गेला तेही शोधा. कड दुमडत होती हा इशारा होता. ट्यूबच्या हिशेबाने वरची कड असेल तर पंप-अपचा (झोत झटकन वर परत नेण्यासाठी आयसीला क्षणभर जास्त व्होल्टेज देणारा) कपॅसिटर सुकलाय, बहुधा १०० मायक्रोफॅरड. खालची असेल तर योकच्या मालिकेतला मोठा कपॅसिटर, साधारण १००० मायक्रोफॅरड. दोन्ही बदला: क्षमता तीच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, १०५ अंशांचे. ध्रुवता उलटी लावू नका आणि छापलेल्या खुणेपेक्षा जुना कसा बसला होता त्यावर भरवसा ठेवा. काही बोर्डांवर छपाईच चुकीची असते.

फ्युजिबल रेझिस्टरच्या जागी तार किंवा साधा जाडा रेझिस्टर नको, फ्युजिबलच हवा. हीटसिंकवर आधी अभ्रकाचा तुकडा असेल तर तोही परत बसवा.

एकहाती:
'सगळे कपॅसिटर बदला' हा सल्लाही कुणी देईलच. चाळीस वर्षांच्या चॅसीला ते हिताचं आहे, पण चित्र परत आल्यावर. आधी पंचवीस-तीस जोड उकलले तर नवी चूक कुठली आणि जुना बिघाड कुठला हे कळेनासं होतं. बी प्लसचा (चॅसीच्या मुख्य डीसी पुरवठ्याचा) प्रीसेट, म्हणजे बोर्डावरचा जुळवणीचा छोटा नॉब, मात्र हलवू नका. तो आकडा चॅसीच्या पुस्तिकेतला असतो, जसा इलेक्ट्रोहोम जी०७ या चॅसीला १२० व्होल्ट. वाढवलात तर ॲनोडही वाढतो.

रेघोटी:
आयसी शॉर्टच होता, ३ ओम. आयसी, दोन्ही कपॅसिटर आणि रेझिस्टर बदलले. पुरवठा आता २५ व्होल्ट, आउटपुटच्या पायावर १२.६. चित्र पूर्ण आलं. फक्त एका बाजूला गोल थोडा लांबट दिसतो.

सोल्डरधूर:
आउटपुट निम्म्याच्या आसपास म्हणजे आयसी ठीक आहे. खेळाच्या टेस्ट मेनूतली जाळी लावा. 'व्हर्टिकल लिनियॅरिटी' प्रीसेट फिरवून चौकोन सारखे करा, मग 'हाइट'. एक फिरवला की दुसरा सरकतो, दोन-तीन फेऱ्या होतील. स्क्रीन नॉब खुणेवर आणा. अर्धा तास चालवून पुन्हा जाळी बघा, कारण प्रीसेट जुनाट असेल तर गरम झाल्यावर उंची सरकते.