जुनं वाद्य म्हणजे भंगार? काहीतरीच!

जुनाभाता: परवा इथे एकाने ठोकून दिलं की शिकाऊ माणसाने सेकंडहँड क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेटच्या वाटेला जाऊ नये, स्वस्तातलं नवं घ्यावं. वाचून डोकं फिरलं. स्वस्त नव्या सॅक्सच्या की (बोटांनी दाबायच्या कळा) मऊ धातूच्या असतात, जरा वापरल्या की वाकतात. बरेच दुरुस्तीवाले त्याला हातही लावत नाहीत. चांगल्या कंपनीचं जुनं स्टुडंट मॉडेल मात्र पॅड (भोकं झाकणाऱ्या गाद्या) आणि कॉर्क बदलले की पुन्हा वाजायला लागतं. सेल्मर कंपनीचा मार्क सिक्स हा सॅक्स १९५४ मध्ये आला, नावाजलेले वादक आजही तो वाजवतात. त्यालाही भंगार म्हणणार?

सरळसूर: ते मीच लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणेन. मार्क सिक्स शिकाऊ पोराच्या काय कामाचा? पॅड गळतंय हे त्याच्या आईवडिलांना कसं कळावं? नळीत दिवा सोडून अंधारात बघावं लागतं. सगळे पॅड बदलायचा खर्च कधी कधी वाद्याच्या किमतीवर जातो, हे विकणारा सांगत नाही.

पितळ्या: ट्रम्पेटला पॅड नसतात, सगळ्यांना एका मापाने मोजू नका. व्हॉल्व्ह (बोटाने दाबायचा दट्ट्या) न दाबता त्याची स्लाइड, म्हणजे सरकणारी नळी, थोडी ओढा, जरा थांबा, मग व्हॉल्व्ह दाबा. 'पॉक' आवाज आला तर हवा धरतोय.

सरळसूर: घट्ट तेल घातलं की झिजलेला व्हॉल्व्हही पॉक करतो. लीडपाइपवरचे, म्हणजे तोंडाकडच्या पहिल्या नळीवरचे, गुलाबी डाग कोण बघणार? तिथलं जस्त निघून गेलेलं असतं, पितळ आतून कुजतं.

रीडनंबरतीन: पॅड, व्हॉल्व्ह दुरुस्त तरी होतात. हाय पिचबद्दल, म्हणजे आजच्यापेक्षा चढ्या सुरात बनवलेल्या जुन्या वाद्यांबद्दल, कुणीच का बोलत नाही? माझ्या विद्यार्थिनीला एकाने सुंदर जुनी लाकडी क्लॅरिनेट विकली. एकटीने वाजवताना छान. पियानोबरोबर बसली आणि रडायची वेळ आली. जवळजवळ पाव स्वर चढी! पूर्वी 'ए' हा स्वर ४५२ हर्ट्झच्या आसपास धरून केलेली वाद्यंही बनायची. आजच्या ४४० ची शिफारस १९३९ च्या लंडन परिषदेत झाली.

पितळ्या: लांब बॅरल (तोंडाकडच्या भागाखालचा नळीचा छोटा तुकडा) लावा, विषय संपला.

रीडनंबरतीन: नाही संपत! भोकांमधलं अंतरच कमी असतं. लांब बॅरलने गळ्याचे, म्हणजे बॅरलजवळच्या भोकांचे, स्वर जास्त उतरतात, खालचे चढेच राहतात. वाद्य स्वतःशीच बेसूर होतं. आयुष्यभर हेच शिकवतोय, आम्हाला बॅरल सांगू नका.

पितळ्या: आवाज चढवू नका. माझ्या ओळखीचे एक काका अशीच क्लॅरिनेट वर्षानुवर्षं वाजवतात.

रीडनंबरतीन: एकटे वाजवत असतील.

जुनाभाता: पण ही भीती शंभरेक वर्षं जुन्या वाद्यांची. १९८० नंतरच्या स्टुडंट क्लॅरिनेटला ती कशाला चिकटवता? प्लास्टिकची असेल तर तडकायचीही काळजी नाही.

सरळसूर: प्लास्टिकच्या क्लॅरिनेटपुरतं मान्य. सॅक्सचं नाही. लॅकर (वरचा चकचकीत लेप) नव्याने मारताना बफिंगमध्ये धातू घासला जातो, टोनहोलच्या (स्वरांच्या भोकांच्या) कडा पातळ होतात, आणि वरून वाद्य चकाचक दिसतं. पोरं त्या चकाकीलाच भुलतात.

जुनाभाता: मग 'जाणकाराला वाजवून बघायला लावा' असं लिहायचं. 'वाटेला जाऊ नये' कशाला?

सरळसूर: ते वाक्य बदलतो. जाणकार मिळेपर्यंत घेऊ नका, हे मात्र राहील.