प्रतिसाद: नालॉक्सोन घरच्यांच्या हाती हवं

हेरॉइनसारख्या नशेच्या पदार्थाचा अतिडोस झाल्यावर जीव वाचवायला नालॉक्सोन देतात. ‘हे औषध सहज मिळालं तर व्यसनं वाढतील’ असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. नालॉक्सोनने नशा चढतच नाही. मेंदूतल्या रिसेप्टरवरून, म्हणजे हे पदार्थ जिथे चिकटतात त्या जागेवरून, हेरॉइन किंवा मॉर्फिनला हुसकावून ते मंदावलेला श्वास परत सुरू करतं, बस! ते जवळच्या माणसांकडे असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं. अमेरिकेत २०२३ पासून त्याचा नाकात मारायचा स्प्रे चिठ्ठीशिवाय मिळतो. आपल्याकडे मात्र डॉक्टरांची चिठ्ठी लागते. कोथरूडमध्ये रात्री दोन वाजता मुलाचे ओठ निळे पडले, तर आईने चिठ्ठी कुणाकडून आणायची? आणि हो, नालॉक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, श्वास पुन्हा मंदावू शकतो. म्हणून १०८ला फोन करायचाच.