शब्दचर्चा: ‘सर्वेक्षण अभिलेख’ म्हणजे नेमका कोणता कागद?

कोपरीकर:
आमच्या सोसायटीच्या मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरने करून न दिलेली जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करून घेणे) कागदपत्रांची इंग्रजी यादी मराठीत उतरवताना ‘सर्व्हे रेकॉर्ड’ला मी ‘सर्वेक्षण अभिलेख’ असे लिहिले आणि त्याच शब्दांत भूमी अभिलेख कार्यालयात नकलेचा अर्ज केला. खिडकीपलीकडच्या बाईंनी तो दोनदा वाचून विचारले, “टिपण हवे, क प्रत हवी, की मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड)?” या तिन्हींना सामावणारा एखादा मराठी शब्द आहे काय?

ऐरोलीचा रहिवासी:
‘सर्वेक्षण’ लोकमताचे होते. जमिनीचे ते भूमापन. खात्याचे नावच भूमी अभिलेख असल्यामुळे ‘भूमापन अभिलेख’ हा शब्द निर्दोष ठरतो. मात्र सिडकोने जमीन घेतली तेव्हापासून आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत जे आहे, त्याला आजीपासून सगळे ‘मोजणीचे कागद’च म्हणतात, आणि ‘सर्व्हे नंबर’ला पर्याय सुचवण्याचे धाडस गावात मी तरी करणार नाही.

जुना मोजणीदार:
मोजणीचे कागद म्हणजे सगळेच एक नव्हेत. टिपण हा प्रत्येक सर्व्हे नंबराच्या मूळ मोजणीचा कच्चा आराखडा, तर क प्रत ही अर्जदाराला मोजणीनंतर मिळणारी नकाशाची प्रत. पक्षी दाणे टिपतो तशी जागेवरच मापे टिपायची, म्हणून ते टिपण.

कळवेकर:
ही व्युत्पत्ती गोड आहे, पण मूळ संस्कृत ‘टिप्पणी’त शोधावे. जन्मटिपणात कोणता पक्षी दाणे टिपतो? त्यामुळे ‘टिप्पण’ असे लिहिणेच शुद्ध होय.

जुना मोजणीदार:
शुद्ध असेल, परंतु कचेरीत ‘टिप्पण’ म्हणजे फाइलीवरचा शेरा. तसा अर्ज केलात, तर शेऱ्याचीच नक्कल हाती पडेल. शिवाय शब्द मिळाला तरी कागद वाचता यायला हवा. टिपणावर बांधाची लांबी ‘आठ साखळ्या चार आणे’ अशी पाहून माझा भाचा शेतसारा समजला होता. शंकू साखळी ३३ फुटांची असते आणि तिचे १६ आणे होतात, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त. एक साखळी लांब आणि तितकीच रुंद जागा म्हणजे एक गुंठा.

ऐरोलीचा रहिवासी:
आणे नाण्यांतून गेले, टिपणांत राहिले. पण मग सातबाऱ्याला ‘उतारा’ का म्हणतात? आमच्याकडे दृष्ट लागल्यावरही उताराच काढतात.

कळवेकर:
मूळ दप्तरातून उतरवून घेतलेला, म्हणून उतारा. ‘टिप्पण’वर मात्र मी ठाम आहे.

कोपरीकर:
माझा नवा अर्ज अजून कोराच आहे.