दोन महिने झाले, मुलगा कुंग फू क्लासमध्ये नुसता वाकून उभा आहे!

इंदिरानगरची_आई
मुलगा ११ वर्षांचा, जूनपासून कुंग फूला जातोय. अजून एक किक शिकवलेली नाही, नुसतं गुडघे वाकवून खुर्ची नसताना बसल्यासारखं उभं करतात, मग तो मुठीवाला नमस्कार, मग परत उभं. शेजारच्या बिल्डिंगमधल्या कराटेवाल्या मुलाला पिवळा बेल्ट पण मिळाला. मिस्टर म्हणतात फी पाण्यात. सरांना विचारलं तर "ताई, हीच खरी शिकवण आहे" एवढंच. कसली शिकवण ते कोणी सांगेल का?

पंचवटीकर
ताई, मी ९ वर्षं केलंय. त्याला मा-बू म्हणतात, घोड्यावर मांड ठोकल्यासारखं उभं राहायचं, आणि बहुतेकांचं घोडं इथंच पेंड खातं, आमची अर्धी बॅच पहिल्या महिन्यात गळली. मांड्या पेटतात आणि डोकं म्हणतं उठ, तेव्हा न उठणं हाच धडा असतो. कुंग फू या शब्दाचा अर्थ मुळात मारामारी नाहीच, वेळ आणि कष्ट घालून कमावलेलं कसब. चीनमध्ये सुंदर अक्षर काढणाऱ्याला, चांगल्या आचाऱ्यालाही हा शब्द लागतो, लढाईच्या कलेला वेगळा शब्द आहे, वूशू. त्या हिशेबाने आमच्या आजीच्या पुरणपोळीत कुंग फू होतं.
त्या नमस्काराचं म्हणाल तर उजवी मूठ म्हणजे ताकद आणि वरचा डावा पंजा तिला आवरणारा, आम्हाला असंच शिकवलं. एकदा कॉलेज रोडला एकाने कट मारला, मी गाडी लावून तावातावाने उतरलो, मूठ वळली आणि सवयीने डावा हात आपोआप वर गेला. तो म्हणतो, अहो पाया काय पडताय! भांडण तिथंच संपलं.

तिखट_रस्सा
एवढं भारावून पण जाऊ नका लोकहो. आता कोणीतरी "बोधिधर्म या भिक्षूने भारतातून चीनमध्ये नेलेली कला" हा फॉरवर्ड टाकेलच. कुंग फूसाठी प्रसिद्ध असलेला चीनमधला शाओलिन मठ इ.स. ४९५ चा, तो बांधला बातुओ नावाच्या भारतीय भिक्षूसाठी, इथपर्यंत ठीक, पण बोधिधर्माने व्यायाम शिकवल्याची गोष्ट ज्या ग्रंथात येते तो थेट १६२४ चा, मध्ये हजारेक वर्षं गेली. अर्थात आपण तरी काय, पेशवाईतल्या बाळंभटदादा देवधरांना मल्लखांब वणीच्या गडावर मारुतीने दाखवला हे सांगतोच ना, कलेला देवाची सही लागते सगळीकडेच.
बाकी रंगीत बेल्ट ज्युदो-कराटेतले, पारंपरिक कुंग फूत ते नव्हतेच, त्यामुळे शेजाऱ्याशी तुलना सोडा. पण शिकवण वगैरे ऐकून गप्प बसू नका, एकदा क्लासमध्ये जाऊन बघा. गुडघे आत पडत असतील आणि सर मोबाईलमध्ये असतील तर मिस्टर बरोबर आहेत.

नीलिमा_काकू
मी कृषीनगर जॉगिंग ट्रॅकजवळ ताई ची, म्हणजे सावकाश हालचालींची चिनी युद्धकला, करते, वय ६४. ते हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावातून १७ व्या शतकात आलं म्हणतात, युनेस्कोच्या यादीत २०२० मध्ये गेलं. आम्ही करतो तो २४ हालचालींचा सोपा प्रकार १९५६ चा, चिनी सरकारने सामान्य लोकांसाठी बसवलेला. त्यांच्यात म्हण आहे, चार तोळ्यांनी हजार शेर वळवावे. जोडीने करताना समोरच्याने ढकललं की आपण उलट ढकलायचं नाही, त्याच्याच जोरासोबत जरा वळायचं, तो स्वतःच पुढे झुकतो. पहिले सहा महिने मी धक्के खात होते. आता सुनेशी पण तेच करते, ती चिडली की मी म्हणते हो ना गं, आणि चहा टाकते 😀

इंदिरानगरची_आई
सगळ्यांचे आभार. काल जाऊन बसले. सर मोबाईलमध्ये नव्हते, प्रत्येकाच्या गुडघ्याला हात लावून बाहेर वळवत होते. आमच्या बाजूला एक चिमुरडी, पाय लटलट कापताहेत, डोळ्यात पाणी, आणि आमचा मुलगा, जो घरी बहिणीला एक चिप्स देत नाही, तिला हळूच आकडे मोजून दाखवत होता, अजून नऊ, अजून आठ असं. आज सकाळी साहेब तसेच वाकून दात घासत होते. पुढच्या तीन महिन्यांची फी भरून टाकली, मिस्टरांना अजून सांगितलेलं नाही.

तिखट_रस्सा
काकूंचा चहा टाका आणि मग सांगा.