बंबाचं वय वर्षांत मोजायचं की पंपाच्या तासांत?

बंबवाला_मराठवाडा

मी एका नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रावर चालक-यंत्रचालक आहे. 1 एप्रिल 2023 पासून सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मालकीच्या गाड्यांची नोंदणी 15 वर्षांपुढे नूतनीकरण होत नाही. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या कामातल्या विशेष वाहनांना त्यातून सूट आहे, पण त्या सवलतीत अग्निशमनाचं नाव घेतलेलं नाही. म्हणजे साहेबांची जीप आणि आगीचा बंब, दोघांना एकच माप.

माझं स्पष्ट मत आहे की हे माप बंबाला लागू पडत नाही. जीप रस्त्यावर झिजते, बंब उभ्या जागी झिजतो. जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला आग लागली की वरून विझली तरी आत धुमसत राहते. गठाणी फोडून फोडून पाणी मारावं लागतं. पीटीओ (इंजिनाची ताकद पंपाला देणारा जोड) टाकलेला, इंजिन चढ्या आरपीएमवर, पंप रात्रभर चालू. सकाळी मीटर बघा, घरून केंद्रावर यायला जेवढे किलोमीटर लागतात तेवढेही वाढलेले नसतात. दुसरीकडे एखाद्या शांत गावातला बंब महिनोन्‌महिने वर्दीवर, म्हणजे आगीच्या बोलावण्यावर, जात नाही. दोघेही एकाच दिवशी भंगारात काढायचे?

पंपाला तासांचं मीटर असतं. ते चालू ठेवा, त्यावर ऑइल आणि सीलचं वेळापत्रक लावा, आणि वर्षातून एकदा पंपाची लेखी चाचणी घ्या. चाचणी काही अवघड नाही. सगळ्या डिलिव्हरी (पाणी बाहेर सोडणारी तोंडं) बंद करायच्या, सक्शनचं (पाणी आत ओढणारं) तोंड झाकायचं, प्रायमर चालवून आतली हवा ओढायची. व्हॅक्यूमचा काटा खाली गेला की प्रायमर थांबवायचा आणि काट्याकडे बघत उभं राहायचं. काटा जागेवर राहिला तर पंप घट्ट आहे. हळूहळू परत यायला लागला तर कुठेतरी हवा शिरतेय: सक्शनचं वॉशर, ग्लँड (पंपाच्या दांड्याभोवतीचं सील) किंवा एखादा व्हॉल्व्ह. नंतर विहिरीवर नेऊन खरंखुरं पाणी ओढून दाखवायचं. गाडी यात पास झाली तर तिला राहू द्या. नापास झाली आणि ती 9 वर्षांची असली तरी काढा.

लेखापाल_निवृत्त

दादा, तुमची तळमळ समजते, पण तुम्ही केंद्रावरून बघताय आणि मी आयुष्यभर फायलीतून बघितलंय. वर्षांची सक्ती नसेल तर नगरपरिषद नवा बंब घेतच नाही. विषय सभेपुढे येतो, कुणीतरी म्हणतं "अजून चालतोय ना, रंग मारून घ्या", आणि तो पैसा रस्त्यात, नाहीतर चौकाच्या सुशोभीकरणात जातो. निर्लेखनाचा, म्हणजे जुनी गाडी भंगारात काढण्याचा, प्रस्ताव एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. 2023 च्या नियमाने पहिल्यांदा असं झालं की "चालतोय ना" हे उत्तर बंद झालं.

तुमची लेखी चाचणी कोण घेणार? तुम्हीच. सही कोण करणार? तुमचेच साहेब. नापास लिहिलं तर गावात एकुलता एक बंब उभा राहणार, मग नापास लिहिण्याची हिंमत कुणाची? वर्षं मोजायला हिंमत लागत नाही. आरसी बुकावर तारीख असते.

आणि विम्याचा विचार केलात का? नोंदणी संपलेली गाडी वर्दीवर जाताना कुणाला धडकली, तर कोर्टात उभं कुणाला राहावं लागेल? स्टिअरिंगवर तुम्ही असता.

प्रभागातली_ताई

दोघांचंही वाचलं. आमच्या गावात काय झालं ते सांगते. जुना बंब नोंदणी संपली म्हणून बंद केला. नवा मंजूर आहे, निविदा झाली आहे, गाडी "येतेय". तोवर शेजारच्या तालुक्याचा बंब मागवायचा. मध्ये एका घराला आग लागली तेव्हा तो बंब पोचेपर्यंत लोकांनी बोअरच्या पाण्याने, घागरींनी जमेल तेवढं विझवलं. घर गेलंच. नियम करणाऱ्यांनी आधी नवी गाडी उभी करून मग जुनी काढा असं का नाही लिहिलं? वय कसं मोजायचं याचा वाद मला खरंच दुय्यम वाटतो.

शिडी_आणि_शिट्टी

मी मोठ्या महापालिकेच्या अग्निशमन दलात आहे. बंबवालाच्या पंपाच्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत, पण बंब म्हणजे नुसता पंप नव्हे. गाडी केंद्रात उभी असते तेव्हाही ती झिजत असते. टाकीत 4,500 लिटर पाणी असेल तर साडेचार टन वजन चोवीस तास, बारा महिने स्प्रिंगच्या पाट्यांवर बसलेलं असतं. मालवाहू ट्रक निदान रिकामा परत येतो. बंब कधीच रिकामा नसतो. टायरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि बाजूच्या रबराला तडे गेलेले असतात, कारण टायर चालून नाही, वयाने जातो. थंड इंजिन सुरू केलं की लगेच पूर्ण दमात पळवायचं, कारण वर्दी आली आहे. माइल्ड स्टीलची टाकी असेल तर तळाला गंज धरतो आणि तो चुरा थेट पंपात.

एअर ब्रेकचं तर विसरूच नका. रात्रभरात गळून प्रेशर उतरलं असेल तर वर्दी आल्यावर प्रेशर भरेपर्यंत गाडी हलत नाही. सकाळी हजेरी झाली की प्रत्येक गाडी सुरू करून प्रेशर, बॅटरी, सायरन, पाणी, पंप बघायचा, हा रिवाज जिथे पाळला जातो तिथली 14 वर्षांची गाडी धावते. जिथे वहीत नुसती टिकमार्क होते तिथली 6 वर्षांचीही अडते.

म्हणून वर्षांची मर्यादा असावी असं मला वाटतं, फक्त ती 15 नसावी. आणि शिडीच्या गाड्यांचा विषय पूर्ण वेगळा ठेवावा. 70-80 मीटर वर पिंजऱ्यात माणूस उभा करायचा असेल तर हायड्रॉलिक होज, वेल्डचे जोड, लॉक आणि सेन्सर यांची तपासणी बनवणाऱ्या कंपनीच्याच माणसाने करायला हवी. ब्रॉन्टो कंपनीच्या शिडीसारखी गाडी फिनलंडहून येते. तिचा एक सुटा भाग अडला की कोट्यवधींची गाडी नुसती उभी राहते. ती खरेदी करतानाच पुढच्या देखभालीचा करार बांधून घेतला नाही तर फक्त उद्घाटनाचा फोटो उरतो.

डिझेल_कार्यशाळा

माझी गॅरेज आहे, जड वाहनांची. आजूबाजूच्या नगरपरिषदांच्या गाड्या येतात. तुम्ही सगळे जुन्या गाड्यांवर भांडताय, मला नव्या गाड्यांची काळजी जास्त आहे.

2020 नंतरच्या बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचं मानक) चेसिसला धुराच्या नळीत फिल्टर असतो. त्यात साचलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट बऱ्यापैकी तापावा लागतो, आणि तो रस्त्यावर लांब पळवल्यावर नीट तापतो. बंब पळतो किती? केंद्रातून दोन-तीन किलोमीटर, मग एका जागी उभा. रोजच्या तपासणीतही दहा मिनिटं आयडलवर ठेवून बंद करतात. काजळी साचत जाते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, त्याकडे दुर्लक्ष झालं की इंजिन स्वतःच ताकद कमी करतं. आगीवर पंप चालू असताना हे झालं तर? पूर्वीचं इंजिन आम्ही पान्याने उघडून सुरू करून द्यायचो. आता स्कॅनर लावल्याशिवाय कळतच नाही, आणि तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये, जिल्ह्याच्या गावी.

वर मालक तीन. चेसिस एका कंपनीची, टाकी-बॉडी दुसऱ्याने बांधलेली, पंप तिसऱ्याचा. पीटीओमधून आवाज येतो म्हटलं तर चेसिसवाला म्हणतो बॉडीवाल्याने बसवलाय, बॉडीवाला म्हणतो पंपाचा दोष, पंपवाला म्हणतो चालवायला शिकलेला माणूस नाही. गाडी माझ्या दारात उभी. त्यामुळे निविदेत पहिल्या दिवसापासून एकच जबाबदार धरा: गाडी देणारा. निदान 10 वर्षांचा देखभाल करार, आणि दुरुस्तीला गाडी नेली तर तेवढे दिवस बदली गाडी द्यायची अट. हे लिहिलं तर ताईंच्या गावासारखी वेळ येणार नाही.

लेखापाल_निवृत्त

कार्यशाळावाल्यांना विरोध. 10 वर्षांचा करार म्हणजे पहिल्या 2 वर्षांत खर्च जवळपास नाही आणि पैसे पूर्ण, शेवटच्या 3 वर्षांत खर्च भरमसाट आणि ठेकेदार गायब. शिवाय बिलं थकली की तो पहिला पाना खाली ठेवतो, आणि बिलं थकतातच. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी 5,000 कोटींची योजना 2023 मध्ये आणली. अशा पैशातून गाडी येईल. डिझेल, टायर, ग्लँड पॅकिंग, चालकाचा पगार मात्र स्थानिक संस्थेलाच काढायचा आहे, दरवर्षी. खरेदीचा पैसा वरून येतो, देखभालीचा खालून उभा करावा लागतो. त्यापेक्षा दोन-तीन जिल्ह्यांत मिळून सरकारी कार्यशाळा काढा, पगारी मेकॅनिक ठेवा.

डिझेल_कार्यशाळा

आणि ती पदं भरणार कोण, साहेब? आत्ताच्या केंद्रांवर फायरमनची मंजूर पदं रिकामी आहेत, तिथे मेकॅनिक कुठून आणणार?

न्यूजर्सीकर

मी इथे अमेरिकेत गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात आहे म्हणून इकडची पद्धत सांगतो. एनएफपीए या अग्निसुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकांतली शिफारस अशी, की नीट सांभाळलेली गाडी 15 वर्षांनंतर पहिल्या फळीतून काढून राखीव ठेवावी आणि 25 वर्षांनंतर बदलावी. ही शिफारस आहे, आरटीओची सक्ती नाही. पंपाची चाचणी मात्र दरवर्षी. पूर्ण क्षमतेचं पाणी 150 पीएसआय दाबाला, मग 70 टक्के 200 ला आणि 50 टक्के 250 ला देता आलं पाहिजे. दल मोठं असो वा लहान, आकडे कागदावर येतात. लेखापाल साहेबांची वर्षांची मर्यादा आणि बंबवालांची चाचणी इथे शेजारी शेजारी नांदतात.

रत्नागिरीकर

राखीव हा शब्द महत्त्वाचा. आमच्याकडे राखीव गाडीच नसते, म्हणून तर वाद आहे. एकच असते आणि ती उन्हाळ्यात पाण्याचा टँकर, पावसाळ्यात पडलेली झाडं काढायला, हेलिपॅडवर बंदोबस्ताला. किनाऱ्यावर एक भर आणखी: खाडीचं पाणी ओढल्यावर पंप गोड्या पाण्याने धुतला नाही तर पंपाचा निकाल फार लवकर लागतो. ते धुवायला पंधरा मिनिटं लागतात, पण रात्रभर काम करून आलेल्या माणसांना ती पंधरा मिनिटं द्यायला दुसरी पाळी केंद्रावर असावी लागते.

निवृत्त_केंद्र_अधिकारी

गाडीला निदान आरसी बुक आहे, कुणीतरी तारीख बघतं. गाडीतल्या सामानाची तारीख कोण बघतं? डिलिव्हरी होज वापरून ओला गुंडाळला की आतून कुजतो. होज वाळवायचा मनोरा जुन्या केंद्रांत असायचा. नव्या इमारतींत तो नकाशातच नसतो, मग होज कठड्यावर उन्हात पडतो. एकाच घडीवर वर्षभर ठेवला तर घडीवरच फुटतो. बीए सेटच्या (धुरात श्वास घ्यायच्या उपकरणाच्या) सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) ठरलेल्या मुदतीत झाली पाहिजे, मास्कचं रबर तपासलं पाहिजे, हवा संपत आल्याची शिट्टी वाजते का हे प्रत्येक पाळीत ऐकलं पाहिजे. धुरात गेलेल्या पोराला ती शिट्टीच बाहेर काढते. बंब 15 चा की 20 चा, हे त्याला त्या क्षणी कामाचं नाही.

एक सूचना करतो. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, 66 अग्निशामक गेले. त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतो. त्या आठवड्यात गाड्या धुऊन हार घालतो, शाळेच्या मुलांना फवारे दाखवतो. त्याच आठवड्यात भर चौकात, लोकांसमोर, प्रत्येक गाडीची व्हॅक्यूम चाचणी आणि विहिरीवरची चाचणी घ्या. होजला दाब देऊन दाखवा. निकाल केंद्राच्या फळ्यावर लिहा, वर्षभर पुसायचा नाही.

बंबवाला_मराठवाडा

साहेब, हे आवडलं. लेखापाल साहेबांची सहीची शंका यातून बरीच मिटते, कारण काटा लोकांना दिसणार. विम्याच्या मुद्द्यावर मी त्यांच्याशी सहमत आहे: नोंदणी नसलेली गाडी मी वर्दीवर काढणार नाही, कुणी काढूही नये. म्हणूनच सूट नियमात मागतोय, चोरून चालवायची नाही. अग्निशमन वाहनांना त्या सवलतीत घाला, अट म्हणून दरवर्षीची चाचणी लावा.

लेखापाल_निवृत्त

फळा ठीक, पण एप्रिलपुरती गाडी तयार करून दाखवणं सोपं आहे. चाचणी घेणारा शेजारच्या जिल्ह्यातला अधिकारी असावा, तारीख आधी कळू नये, आणि सहीखाली त्याचं नाव-हुद्दा असावा. एवढं असेल तर मी 15 च्या जागी 20 मान्य करतो. 20 नंतर मात्र चाचणी पास असो वा नसो, गाडी बाहेर. आणि नापास झालेल्या गाडीच्या जागी किती दिवसांत दुसरी द्यायची, हे त्याच आदेशात लिहिलेलं हवं; ताईंच्या प्रश्नाला आतापर्यंत या धाग्यात कुणी नीट उत्तर दिलेलं नाही.

प्रभागातली_ताई

शेवटी कुणीतरी वाचलं. मी 48 तास म्हणते. शेजारच्या मोठ्या महापालिकेने राखीव गाडी पाठवावी, भाडं राज्याने द्यावं. शिडी_आणि_शिट्टी, तुमच्या दलात अशी देता येण्यासारखी गाडी असते का?

शिडी_आणि_शिट्टी

असते, ताई. नोंदणी शिल्लक असलेली, पण दुय्यम कामाला लावलेली. चालकासकट पाठवावी लागेल, कारण प्रत्येक पंपाचा प्रायमर आणि व्हॉल्व्ह वेगळे असतात, आणि तुमच्या गावच्या माणसाला ते निदान दोन पाळ्या शिकवावे लागतात. 48 तासांत गाडी पोचेल. तिच्यावर तयार माणूस उभा राहायला आठवडा धरा.