मदत हवी आहे : डीएफच्या मते डिस्क भरली, डीयूच्या मते निम्मीही नाही

नमस्कार. नागपूरला इतवारीतील एका घाऊक किराणा पेढीचा सर्व्हर मी सांभाळतो. त्यावर उबुंटू २२.०४ असून बिलिंगचा प्रोग्राम आणि त्याचा डेटाबेस चालतो. ५०० जीबीची एकच एसएसडी आहे आणि तिच्यावर साधी ईएक्सटी४ फाइलसिस्टिम (फाइली मांडून ठेवण्याची व्यवस्था) आहे. एलव्हीएम (डिस्कची जागा विभागण्याची सोय) किंवा स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणीची प्रत) यांपैकी काहीही वापरलेले नाही. रोज रात्रीचा बॅकअप '/बॅकअप' येथे माउंट केलेल्या (म्हणजे त्या फोल्डरच्या जागी जोडलेल्या) बाह्य डिस्कवर जातो. (कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, तेवढे सांभाळून घ्यावे.)

शनिवारी दुपारी, ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी, बिले सेव्ह होईनात आणि डिस्कवर जागा शिल्लक नसल्याचा संदेश येऊ लागला. 'डीएफ -एच' (संपूर्ण डिस्कवरची वापरलेली आणि मोकळी जागा सांगणारी कमांड) पाहिले, तर एकूण ४५८ जीबी, वापरलेली ४३५, उपलब्ध शून्य आणि वापर १०० टक्के. मग सुडो लावून (पूर्ण अधिकारांनिशी) 'डीयू -एक्सएसएच /', म्हणजे दिसणाऱ्या फाइलींच्या आकारांची बेरीज करणारी कमांड चालवली, तर बेरीज आली अवघी २१२ जीबी. बाह्य डिस्क मोजणीत येऊ नये म्हणून -एक्स मुद्दाम दिले होते.

यातील काही भागाचा हिशेब लागतो. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि 'डीएफ -एच' १०२४ च्या पटीत, त्यामुळे ५०० चे ४६५ होतात. त्यातले सातेक जीबी आयनोडच्या (प्रत्येक फाइलच्या नोंदीच्या) तक्त्यांना जातात. ४५८ आणि ४३५ यांमधले २३ म्हणजे ईएक्सटी४ रूटसाठी (मुख्य व्यवस्थापक खात्यासाठी) राखून ठेवते ते पाच टक्के. तिथे माझी तक्रार नाही. प्रश्न आहे तो ४३५ आणि २१२ यांच्यातील २२३ जीबींचा.

चौकशी केल्यावर कळले, की डिस्क भरल्याचे दिसताच एका सहकाऱ्याने घाईघाईत बिलिंगची अवाढव्य लॉग फाइल उडवली होती आणि तरीही जागा मोकळी का होत नाही, याचे त्याला नवल वाटत होते. 'एलएसओएफ +एल१' (पुसूनही उघड्या राहिलेल्या फाइलींची यादी) चालवल्यावर तीच फाइल सापडली : आकार ६१ जीबी आणि ओळीच्या शेवटी 'डिलीटेड' असा शेरा. फाइलचे नाव गेले असले तरी प्रोग्रामने ती उघडी धरून ठेवली होती. सर्व्हिस रीस्टार्ट करताच वापर ३७४ जीबीवर आला आणि दुकान सुरू झाले.

तरीही १६२ जीबी बेपत्ताच आहेत. 'डीएफ -आय' नुसार आयनोड चार टक्केच वापरले आहेत आणि 'एलएसओएफ' मध्ये आता दुसरी कोणतीही मोठी फाइल दिसत नाही. मागच्या आठवड्यात वादळी पावसात वीज जाऊन सर्व्हर एकदा बंद पडला होता. त्यात फाइलसिस्टिम बिघडली असेल का, अशी शंका येते. रविवारी रात्री 'एफएससीके' (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवावे का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

'एफएससीके' ची घाई करू नका, आणि माउंट असलेल्या डिस्कवर तर ते मुळीच चालवू नका. आपल्या मांडणीत मला खटकते ती बाह्य डिस्क. एखाद्या फोल्डरवर डिस्क माउंट केली, की त्या फोल्डरमध्ये आधीपासून जे पडले असेल ते झाकले जाते. डीयूला वरची डिस्क दिसते, खालचे सामान दिसत नाही, डीएफ मात्र ते मोजतेच. बॅकअपची डिस्क काही काळ माउंट नव्हती, असे घडले होते का? ती न काढताही तपासता येईल : 'माउंट --बाइंड / /एमएनटी' करा (म्हणजे मुख्य डिस्क '/एमएनटी' येथेही दिसेल) आणि मग 'डीयू -एसएच /एमएनटी/बॅकअप' पाहा. बाइंड माउंटमध्ये मूळ फाइलसिस्टिमच दिसते, तिच्यावर चढवलेल्या डिस्क दिसत नाहीत. आणि त्या सहकाऱ्यांना सांगा, की चालू लॉग उडवायची नसते, रिकामी करायची असते.

धागाकर्ता :

सापडले. '/एमएनटी/बॅकअप' मध्ये तारखांच्या नावांचे तीन फोल्डर निघाले, प्रत्येकी ५४ जीबीचे, आणि तिन्ही तारखा वीज गेली त्या रात्रीपासून सलग आहेत. बाह्य डिस्कचा अडॅप्टर काढून त्या प्लगमध्ये कोणीतरी कूलर लावला होता, हे मला तीन दिवसांनी दिसले होते. तेव्हा अडॅप्टर परत लावून मी डिस्क माउंट केली आणि विषय विसरलो. 'एफस्टॅब' मध्ये (सुरू होताना माउंट करायच्या डिस्कच्या यादीत) मीच 'नोफेल' (डिस्क नसली तरी अडू नको) लिहून ठेवल्यामुळे सर्व्हर डिस्कविना निमूट सुरू झाला आणि बॅकअपची स्क्रिप्ट मुख्य डिस्कवरच्या त्या फोल्डरमध्ये तीन रात्री लिहीत राहिली.

तिन्ही फोल्डर बाह्य डिस्कवर उतरवून, पडताळून मगच मुख्य डिस्कवरून काढले. वापर आता २१२ जीबी दाखवतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'माउंटपॉइंट -क्यू' ची (डिस्क खरोखर माउंट आहे का, याची) तपासणी घातली आहे, डिस्क थोडा वेळ काढून रिकाम्या फोल्डरवर 'सीएचॲटर +आय' लावले आहे (म्हणजे डिस्क नसताना त्यात काही लिहिता येणार नाही), आणि कूलरसाठी वेगळा बोर्ड बसवून घेतला आहे. मनःपूर्वक आभार.